मोहाखालची विचारपूस

जीप आधी दिसली नाही. आधी धूळ दिसली. रुखमाबाईनं कमरेवरची घागर मोहाखालच्या रांजणात उपडी केली, पदरानं मान टिपली आणि आलापल्लीकडून येणाऱ्या रस्त्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"माय वो! हे तं जैबूच्या सोयरिकीचे पाहुने. पन थे तं उद्या येनार होते ना?"

उत्तर द्यायला झाडाखाली कोणी नव्हतं. मोहाची फुलं तेवढी टपटपत होती, वरून कोणी नेम धरून एकेक सोडत असावं तशी. एक फूल बरोबर रांजणात पडलं आणि गोल गोल फिरायला लागलं.

पाहुणे शनिवारी यावेत हे जैबूच्या आईनं, खैरुननं, मुद्दाम ठरवलं होतं, कारण शुक्रवारी विचारपूस. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, खैरुनच्या नवऱ्याचा, मोफिजचा, नमाज आटोपला की हरिनगर कॅम्पातली बंगाली माणसं, शेजारच्या जुन्या गावातली शेतकरी आणि बौद्ध घरं, टोल्यावरचे, त्या छोट्या पाड्यावरचे, गोंड, सगळे या मोहाखाली बसायचे. प्रत्येकानं आपल्या घरची घागर आणून रांजणात ओतायची आणि मग त्यातलंच सगळ्यांनी प्यायचं. कल्पना मोफिजची, नावही त्याचंच. पूर्व बंगालातल्या बरिशालचा हा नावाडी नवा नवा इथं आला तेव्हा त्याला 'विचार' या शब्दाचं फार नवल वाटलं होतं. "आमच्याकडं 'बिचार' म्हंजे निवाडा गा," तो नानाजी मास्तरांना म्हणाला होता, "कोन खरा, कोन खोटा. तुमच्याकडं विचारनं म्हंजे पुसनं. हे बरं हाये." तेव्हापासून नियम एकच. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं पुसायचं. दुसऱ्याचं सांगायचं नाही.

हे सगळं सिरोंच्याच्या पाहुण्यांच्या डोळ्यांवर सोयरीक पक्की व्हायच्या आधी येऊ नये, एवढीच खैरुनची धडपड. आणि जीप तर मोहाखालीच येऊन थांबली.

आधी उतरला तो पाशा, खैरुनचा धाकटा भाऊ, जैबूचा मामा. त्याच्या मागून हाजी दस्तगीर, मुलाचे मोठे अब्बा, म्हणजे थोरले चुलते. पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल, आणि सिरोंच्यापासूनचा सगळा रस्ता चेहऱ्यावर बसलेला. स्टिअरिंगवर खुद्द नवरामुलगा मस्तान. तो उतरलाच नाही. आरशात बघून केस सारखे करू लागला.

"बाई, ही पाणपोई हाय का?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"पानपोईच समजा ना, भाऊ. कोनालेच मनाई नाई."

रुखमाबाईनं तांब्या बुडवून दिला. हाजीसाहेबांनी तो तोंडाशी नेला आणि थबकले. आत फूल तरंगत होतं.

"ये मोहाचं?"

"झाडच मोहाचं हाये तं बाभळीचं कुठून पडन?"

"याचीच दारू काढतात ना?"

"काढनारे काढतात. पन एक फूल पडल्यानं रांजनाची भट्टी नाई होत, भाऊ. पेऊन पाहा. चढली तं मले सांगा."

पाशानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. हाजीसाहेबांनी बोटानं फूल बाजूला सारलं आणि एका दमात तांब्या संपवला. मग दुसरा. गळ्याची घाटी वरखाली होताना रुखमाबाईनं पाहिली आणि तिला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. कारण मघाशीच जैबू आपल्या घरची घागर याच रांजणात ओतून गेली होती.

तिनं तांब्या रांजणाच्या झाकणावर उपडा घातला. बोलायची वेळ यायची होती.

*

"पानी, भाईजान?"

घरी खैरुननं ट्रेमधून पेले पुढे केले. आत वाळा टाकलेलं, घामेजल्या माठातलं पाणी. हाजीसाहेबांनी छातीवर हात ठेवला.

"नक्को, बहन. तुमको मालूम हाय आमची रीत. बात पक्की होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी नाही."

खैरुनला ठाऊक होतं. ती सिरोंच्याचीच. तिथं नदीवर कपडे धुताना बायका एकमेकींना विचारायच्या, "पाणी प्याले का?" म्हणजे लग्न ठरलं का. ट्रे परत नेताना तिनं दारातून नवऱ्याकडे पाहिलं. मोफिज मागच्या बोडीतून, त्या छोट्या तळ्यातून, नुकताच वर आला होता. जाळं खांद्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर ते हसू. कोणीही दारात आलं की येणारं. याच हसण्यावर ती फसली होती. इथं मोठी नदी नाही म्हणून हा माणूस गोदावरी बघायला सिरोंच्याला गेला, आणि नदी तिथंच ठेवून खैरुनला घेऊन आला. आता याच हसण्यानं तिचा जीव टांगणीला लागला होता.

"बसा, हाजीसाहेब, मी पाय धुतो," मोफिज म्हणाला. "मांगूर मासे मिळाले. दुपारी जेवाले होतील."

"जेवणाचं मागून. आधी बात." हाजीसाहेब बाजेवर सावरून बसले. "लडकी आम्हाला पसंद. मस्तानला तर विचारूच नका, तो एसटीच्या डेपोतून सुट्टी काढून आलाय. बात दुसरी हाय. कपाळावर काय झालंय तुमच्या?"

मोफिजनं भुवईवरच्या खुणेला हात लावला. "हे? मागच्या गनपतीतलं. तिकडं बाजारगावात दोन बाजूंनी माणसं उभी होती. मी मधी जाऊन बसलो."

"दगड कोणाचा होता?"

"दोन्हीकडचे म्हनतात आमचा नव्हता." मोफिज हसला. "म्हंजे दोघंबी लाजले. तेवढं काम झालं."

पाशा हसणार होता, पण हाजीसाहेब हसले नाहीत, म्हणून त्यानं गिळलं.

"मियाँ, मी वाईट माणूस नाही," हाजीसाहेब हळूच म्हणाले. "तुम्ही सायकलीवर गावोगाव फिरता. देवळात बसता, विहारात बसता, गोंडांच्या पेनाला, त्यांच्या देवाला, नारळ नेता. आन् नमाजही सोडत नाही. तुमची नियत साफ हाय. पण मधी उभ्या माणसाला दोन्हीकडून लागते. उद्या तुम्ही मस्तानचे ससुर होणार. आमच्या घरात पाच पोट्ट्या हायेत लग्नाच्या. लोक म्हणतील, तो झाडाखाली बसणारा, त्याचे हे रिश्तेदार. हे बसणं बंद करा. मग मी हा पूरा माठ पितो."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांची नजर माठावर गेली आणि तिथंच रेंगाळली. वैशाख अजून लागायचा होता, पण ऊन लागलं होतं.

मोफिजनं खांद्यावरचं जाळं काढून दाराच्या खुंटीला अडकवलं, आणि ते नीट बसलं तरी पुन्हा पुन्हा नीट करत राहिला.

चुलीशी पाशानं बहिणीला गाठलं. "आपा, समझाओ ना. महिन्यातून एक दिवस. त्यात काय एवढं?"

"तूच समजाव."

"मी? माझं ऐकतील?"

"मग माझं काऊन ऐकतील?" खैरुन चुलीत काटकी खुपसत म्हणाली. "पाशा, खरं सांगू? पहिल्या साली मी या बैठकीत जातच नव्हते. लाज वाटायची. मग जैबूला गोवर निघाला, आन् रुखमाबाई, मास्तरची बायको, लालसूची आई, तिघी पाळीनं उशाशी बसल्या. तुम्ही लोक सिरोंच्याहून पोचेपर्यंत पोरगी खेळायला लागली होती." तिनं डोळे पुसले, धुराचं निमित्त होतंच. "पण लेकीचं लग्न हाय रे. माझंच मन दोन तोंडी झालंय."

"आन् एक सांगू?" पाशा आणखी खाली वाकला. "मी हाजीसाहेबांना म्हटलं, की सगळे एका रांजणातलं पितात. ते म्हणाले, सगळे? तर माझ्या तोंडून निघून गेलं, की ठाकुमा नाही पीत."

खैरुनचा हात थांबला. "हे कायकू सांगितलंस?"

"खरं हाय म्हणून!"

खरं होतं. ठाकुमा, म्हणजे आजी. मोफिजची रक्ताची कोणी नव्हती. बंगाली निर्वासितांच्या ट्रकमधून दोघं बरोबर उतरले होते, कपाळ मोकळं असलेली, तुळशीची माळ घातलेली ही हिंदू बाई आणि हा मुसलमान नावाडी. नावं लिहिणाऱ्या साहेबानं विचारलं होतं, हा तुमचा कोण? "माझा मुलगा," ती म्हणाली होती, "नमाज पढतो. थोडा वेगळा आहे." साहेबानं पेन्सिल कानावर ठेवून बराच वेळ दोघांकडे पाहिलं होतं म्हणे. तेव्हापासून ती याच घरात, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या देव्हाऱ्यातल्या गोपाळासह, स्वतःच्या पितळी तांब्यासह. विचारपुशीला प्रत्येक वेळी येऊन बसायची. पण तांब्या मांडीवर. रांजणातलं कधी घेतलं नाही. जुन्या माणसाचा नेम, असं सगळ्यांनी मनाशी ठरवलं होतं.

*

कुंपणापाशी जैबू बकरीला पाला टाकत होती. म्हणजे बकरीचं पोट कधीच भरलं होतं, आणि पलीकडे मस्तान जीपचं बॉनेट उघडून, न बिघडलेलं काहीतरी दुरुस्त करत होता.

"पानी पेशील?" जैबूनं बकरीकडे बघत विचारलं.

"नको. रीत हाय."

"तहान नाई लागली?"

"लागली ना. जीभ टाळूला चिकटून राह्यली. पण मी ठरवलंय, प्यायचं तर तुझ्या हातचं." त्यानं पाना बॉनेटवर ठेवला. "मोठ्या अब्बांचं बरं हाय. झाडाखाली दोन तांबे ढोसून आले."

जैबू वळली. "कोनत्या झाडाखाली?"

"तिथं, मोहाच्या. रांजणातलं. का?"

जैबूनं हातातला पाला तसाच टाकला. तिला आधी हसू आलं, मग हसण्याच्या मागोमाग रडू आलं.

"मस्तान, तुलेबी वाटते का, बाबानं हे बंद करावं?"

तो गडबडला. खरं सांगावं की गोड, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं. बालवाडीत शिकवताना मुलांचे चेहरे वाचून वाचून जैबूची नजर पक्की झाली होती.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "तो दगड बोटभर खाली लागला असता तर? मोठे अब्बा इज्जत इज्जत म्हणतात, पण तेही घाबरतात."

"घाबरनं ठीक हाये," जैबू म्हणाली. "पन घाबरला तं घाबरलो म्हन. बाबाले बंद करा म्हनू नको. आन् मीबी त्याईले बंद करू नका असं म्हननार नाई. त्याईचं त्याईनं पाहावं." मग थोडं थांबून, "तुया जीपले काय झालं?"

"काही नाही."

"मंग बंद कर थे झाकन. ऊन लागून राह्यलं इंजिनाले."

*

नमाज झाला. मोफिज आणि हाजीसाहेब एकाच चटईवर खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तेव्हा खैरुनला वाटलं, असेच उभे राहिले तर किती बरं. पण सलाम फिरवून झाला तसा मोफिज उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला,

"हाजीसाहेब, लोक जमले असतील. बंद करायचं तं त्याईले सांगून बंद करतो. न सांगता नाव काठावर टाकून जानं आमच्या नावाड्यांच्या जातीत नाई. चला तुमीबी."

हाजीसाहेबांना हे अपेक्षित नव्हतं. 'बंद करतो' ऐकून खैरुननं हातातला पेला खाली ठेवला. जे हवं होतं ते मिळत होतं, पण ते घ्यावंसं वाटेना.

मोहाखाली चटया पडल्या होत्या. नानाजी मास्तर, शाळेतून निवृत्त झाले तरी खडूच्या बोटांनी बोलणारे, खोडाला टेकून बसले होते. टोल्यावरचा लालसू दोन पोरांना घेऊन आला होता. बंगाली बायका एका बाजूला, रुखमाबाई रांजणापाशी. ठाकुमा आपल्या जागेवर, मांडीवर तांब्या. हाजीसाहेबांना बसायला मास्तरांनी स्वतःची चटई सरकवली.

"पाव्हने हायेत तं आपली जुनी गोष्ट सांगू का?" रुखमाबाईला धीर नव्हता.

"सांगितल्याशिवाय तू राह्यशील का वो?" लालसू म्हणाला.

"आईका, हाजीभाऊ. हे लोक पयल्यांदा ट्रकमधून उतरले ना, तवा मी घागर घेऊन धावली. मनलं, उनाचे आले बिचारे. मोठ्यानं बोंबलली, पानी घ्या, पानी! तं ट्रकमधल्या साऱ्या बाया किंचाळल्या! लेकरं पोटाशी धरली. ही ठाकुमा तं मोफिजच्या मांगं लपली. मले काई समजेच ना. मंग कळलं, त्याईच्याकडं हिंदू 'जल' म्हनतात आन् मुसलमान 'पानी'. याईले वाटलं, हे अख्खं गावच मुसलमानाचं!"

सगळे हसले. दरवेळी हसायचे. बंगाली बायकाही पदर तोंडाला लावून हसायच्या. हाजीसाहेबांच्या दाढीतही काहीतरी हललं.

"लालसूकडं त्याले 'येर' म्हनतात," मोफिज म्हणाला, "आन् आमच्या खैरुनकडं नदीपल्याडचे तेलुगूवाले 'नीळ्ळु'. रांजन एकच." तो उभा राहिला. हात वर करून त्यानं हसणाऱ्यांना थांबवलं. "आज मले एक सांगायचं हाये. ही विचारपूस…"

"थांब गा," रुखमाबाई म्हणाली. "आधी माझं. हाजीभाऊ, तुमची रीत मले मालूम हाये. पोरीच्या घरचं पानी पेलं की सोयरीक पक्की. खरं ना?"

"हौ."

"मंग तुमी सकाळी दोन तांबे पेले. या रांजनात जैबूची घागर हाये."

मग एकच गलका. लालसूनं गुडघ्यावर थाप मारली. पाशानं डोक्याला हात लावला. मस्तान जीपच्या टपावर बसला होता, तो खाली घसरला. आणि रुखमाबाईनं, जात्यावर बसल्यासारखी डावी-उजवी डोलत, तिथल्या तिथं ओवी बांधली:

"पाव्हना आला दारी, तहान त्याच्या डोयात,
सोयरीक अडकली बाई, माठाच्या गळ्यात!"

हाजीसाहेब लाल झाले. "हे बेइमानी हाय! ते सगळ्यांचं पाणी. मुलीच्या घरचं नाही."

"सगळ्यांचं म्हंजे तिचंबी," मास्तर म्हणाले.

"वेगळं काढून दाखवा ना," लालसू म्हणाला. "तिचं कोनतं, माझं कोनतं."

"सगळ्यांचं?" हाजीसाहेबांचा आवाज चढला. तहान, ऊन आणि हसणं, तिन्ही एकदम डोक्यात गेली होती. "सगळे पितात म्हणता. मग ही म्हातारी का नाही पीत? तुमच्याच घरातली, मोफिजमियाँ! तुमचा हात लागलेल्या रांजणातलं तिला चालत नाही. कारण तुम्ही मुसलमान. घरातली म्हातारी तुमची झाली नाही, आन् गावोगाव काय शिकवता?"

हसणं विझलं. मोफिज उभा होता तसाच उभा राहिला. फक्त त्याचा हात भुवईवरच्या खुणेकडे गेला. त्या दगडानं नसेल लागलं तेवढं हे लागलं, हे खैरुनला दिसलं, आणि आपण कोणत्या बाजूच्या याचा तिचा हिशेब त्या एका क्षणात संपला. ती उठून नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हाजीसाहेब," नानाजी मास्तर शांतपणे म्हणाले, "इथला कायदा मोडला तुम्ही. दुसऱ्याचं सांगायचं नाही. पुसायचं. ती बसली हाये समोर. पुसा."

हाजीसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मग रुमाल सावरला. राग अजून होता, पण म्हातारपणासमोर त्यानं मान खाली घातली.

"माँजी, तुम्ही हे पाणी का नाही पीत?"

मास्तरांच्या एकदम लक्षात आलं, आणि ते खोडाला टेकलेले ताठ झाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. सगळ्यांनी तिचं उत्तर आपापसात ठरवून टाकलं होतं. विचारपुशीला बसून.

*

ठाकुमानं तांब्याच्या काठावरून बोट फिरवलं. हे पितळ तिच्याबरोबर नदी ओलांडून आलं होतं.

तिला सगळ्यांची बोली समजायची. बोलताना मात्र तिची मराठी पाण्यात पाय घातल्यासारखी, जपून जपून यायची.

"हात लागतो म्हणून नाय, बाबा," ती म्हणाली. "हा तांब्या कोण भरते? हाच भरते. मोफिज. रोज पहाटे, नमाजच्या आधी. आपल्या माठातून. तोच हात, तेच घर. मी तेच पिते."

हाजीसाहेबांनी मोफिजकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"मग?"

"मला मागता नाय येत."

कोणाला काही कळलं नाही.

"आमी नावेत होतो. संध्याकाळ होती. काठावर माणसं उभी. येक येक नाव थांबवून पुसायची, तहान लागली तर काय मागते? जो 'पानी' म्हणेल तो पुढे. जो 'जल' म्हणेल…" तिनं वाक्य तिथंच ठेवलं. "मोफिज नाव चालवत होता. मला म्हणाला, ठाकुरुन, येक शब्द आहे, म्हण. माझ्या तोंडातून नाय निघाला. जनमभर जल म्हटला, आता काय म्हणू? तर हा त्यांना म्हणाला, ही माझी मा. मुकी आहे."

मोहाचं फूल तिच्या पदरावर पडलं. तिनं ते उचलून शेजारी ठेवलं.

"नाव पुढे गेली. माझा नवरा मागच्या नावेत होता. त्याला मुका म्हणायला तिथं कोणी नाय होता."

रुखमाबाईनं पदर तोंडात कोंबला होता. इतकी वर्षं ज्यावर ती हसत आणि हसवत आली होती, ती किंकाळी आज पहिल्यांदा तिच्या कानांपर्यंत पोचली होती.

"माय वो," ती म्हणाली, "आन् मी हासून राह्यली होती!"

"हास," ठाकुमा म्हणाली. "तू घागर घेऊन धावली, पानीवाली, आन् हसली. तवाच मला समजला, इथं तो शब्द कुणाला मारत नाय. पण जीभ… म्हातारी गाय. लवकर वळत नाय." तिनं मान वर केली. "इथं मागायचं तर 'पानी' म्हणायचं, आन् जल सोडला तर नवऱ्याला सोडला, असं वाटे. बस. तेवढंच होतं. कोणी पुसलं असतं तर सांगितलं असतं."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि न घालता तसाच हातात ठेवला. ठाकुमानं जैबूला हाक मारली.

"जैबू."

"हो, ठाकुमा."

म्हातारीचे ओठ हलले. एकदा नुसतेच. दुसऱ्यांदा आवाजासकट.

"पानी दे."

जैबूनं रांजणात तांब्या बुडवला. मस्तान पुढे झाला आणि त्यानं तांब्याला खालून आधार दिला. कोणीच त्याला अडवलं नाही. ठाकुमानं ओंजळ पुढे केली. पाणी ओंजळीत आलं, थोडं ओठांत गेलं, थोडं कोपरावरून तुळशीच्या माळेवर सांडलं. तिनं चव घेतल्यासारखे ओठ मिटले.

"फुलाचा वास येते," ती म्हणाली.

"येनारच ना," रुखमाबाई रडत रडत म्हणाली, "झाडच मोहाचं हाये."

मग ठाकुमा उठली. मांडीवरचा पितळी तांब्या, ज्याला या गावात आजवर दुसऱ्या कोणाचे ओठ लागले नव्हते, तो दोन्ही हातांत धरून ती हाजीसाहेबांसमोर आली.

"तुमी सकाळपासून तहानले. घ्या."

हाजीसाहेबांनी तांब्याकडे पाहिलं. मग खैरुनकडे, मोफिजकडे. हा तांब्या पहाटे कोणाच्या माठातून भरला गेला हे त्यांनी आत्ताच ऐकलं होतं, आणि सगळ्यांनीच ऐकलं होतं. इथं वाद घालायला जागा नव्हती. हे एकाच घरचं पाणी होतं.

जैबूनं मस्तानकडे बघायचं टाळलं. मोफिजच्या तोंडातलं वाक्य, 'ही विचारपूस', अजून तिथंच अर्धवट उभं होतं.

"माँजी," हाजीसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच त्या झाडाखालच्या माणसांसारखा झाला, "हे काय हाय? जल, का पाणी?"

"आधी पी, बाबा," ठाकुमा म्हणाली. "मग पुस."

त्यांनी तांब्या वर केला. ओठांपासून चार बोटं वर धरून, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. सगळा मोह त्यांच्या गळ्याकडे बघत होता. मग रिकामा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी म्हातारीला परत दिला.

"आता पुसू?"

"पुस ना."

हाजीसाहेबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आधी दाढी पुसली, मग डोळे. आता व्याही झालेल्या मोफिजला हाताला धरून शेजारी चटईवर बसवलं, आणि विचारपुशीला बसलेल्या माणसासारखी पुसायला सुरुवात केली.